कावळा नसलेला मुलुख

संपादकसाहेबांनी फोनवर विषय सांगितला. दक्षिण अमेरिकेतली वाळवंटं, पर्वत आणि धबधबे यांतून तुम्ही पर्यटकांना रस्त्याने नेलंत, तेव्हाचे थरारक अनुभव लिहा. थरारक! दिवाळी अंक काढणाऱ्यांना वाटतं, टूर मॅनेजर म्हणजे कमरेला दोर बांधून कड्यावर लोंबकळणारा माणूस. लोंबकळलो मी पुष्कळ, पण विमानतळाच्या काउंटरला. कुणीतरी बॅगेत अख्खं वाणसामान भरलेलं असायचं आणि वजनावरून काउंटरवरच्या बाईशी हुज्जत मी घालायची.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही जग दाखवतो. खोटं आहे. आम्ही संडास दाखवतो. बस कुठेही थांबो, समोर बर्फाचा डोंगर असो की हजार वर्षांचं देऊळ, पहिला प्रश्न तोच. दुसरा प्रश्न जेवणाचा. मग वायफायचा पासवर्ड. मग डोंगराकडे पाठ करून फोटो. टूर मॅनेजरने डोकी मोजायची, पासपोर्ट सांभाळायचे, खिडकीच्या जागेवरून भांडणाऱ्या दोन साडू-साडूंना लांब बसवायचं आणि कुणी काहीही मागितलं तरी तोंडातून ‘होईल’ एवढंच काढायचं. ‘होईल’ म्हटलं की गिऱ्हाईक गप्प बसतं. प्रत्यक्षात झालं नाही तरी तोवर ते दुसरं काहीतरी मागत असतं.

तर तो पेण-रोह्याचा ग्रुप. गणपती बुडाले आणि आम्ही निघालो. पेणमध्ये विसर्जनाआधी कुणाला मरायला फुरसत नसते, त्यामुळे मूर्तींच्या कारखानेवाल्यांच्या सहली भादव्याच्या शेवटी. नखांत रंग अजून तसाच. त्यात पितृपक्ष लागतो, इतर लोक घराबाहेर पडत नाहीत, म्हणून आमची कंपनी त्या पंधरवड्यात सवलत द्यायची. सवलत म्हटल्यावर पितरांचं काय ते पितरांनी बघावं.

ग्रुपचे स्वयंघोषित पुढारी होते रोह्याचे एक वकीलसाहेब. आयुष्यभर त्यांनी भावाभावांचे जमिनीचे दावे चालवले होते आणि निसर्गाकडेही ते प्रतिवादी म्हणूनच बघत. आटाकामाचं वाळवंट दाखवलं. जगातलं सगळ्यात कोरडं म्हणतात असं वाळवंट, लांबवर ज्वालामुखी, संध्याकाळी सगळी जमीन तांबडी झालेली. वकीलसाहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, “ह्याच्यापेक्षा जास्त धूळ आमच्या वडखळ नाक्यावर आहे. तिथे तिकीट पण लागत नाही.” ग्रुप हसला. पुढे सबंध प्रवासभर प्रत्येक गोष्ट वडखळ नाक्याशी ताडून बघितली गेली आणि नाकाच जिंकला.

त्याच वाळवंटात पेणच्या सुमनताईंनी पापड वाळत घातले. सुमनताईंचा पोह्याच्या पापडाचा घरगुती धंदा. चिलीच्या कस्टमवाल्यांनी लोणच्याच्या बरण्या, लाडू, सगळं काढून कचऱ्यात टाकलं होतं. पापड तेवढे कसे कोण जाणे सुटले, पण सादळले होते. इतकं कडक ऊन आणि हवेत ओल नाही, हे बघून बाईंचे डोळेच लकाकले. “अहो मॅनेजर, आपल्याकडे असं ऊन असतं तर मी बंगला बांधला असता!” तिथल्या एका जगप्रसिद्ध दरीसमोर त्यांनी हॉटेलची चादर पसरली आणि पापड मांडले. मग वारा सुटला. आमचा वाटाड्या मार्को, बिचारा शिकला-सवरलेला मुलगा, राखीव क्षेत्रात कचरा केल्याचा दंड होईल म्हणून पापडांमागे धावत होता. त्याचा व्हिडिओ ग्रुपने एवढा बघितला की दरीचा फोटो कुणाकडे निघाला नाही.

असली माणसं मी नोकरीभर हाकली. त्यांच्याविषयी फार माया होती असं खोटं कशाला लिहू? बहुतेकांना कुठे गेलो होतो हेही आठवत नाही, पण सकाळच्या नाश्त्याला काय होतं ते आठवतं. तरी त्या सहलीतली एक बाई मला विसरता येत नाही, आणि ती काही वाळवंट बघायला आली नव्हती.

हिराबाई तिचं नाव. पेणच्या पुढे खाडीकाठी जी गावं आहेत त्यांतल्या एका गावची. नवऱ्याने जन्मभर मिठागरात पाय कुजवले, आधी दुसऱ्याच्या आणि मग स्वतःच्या. खाडीचं पाणी बांधून घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. त्याचं स्वतःचं मिठागर फार मोठं नव्हतं, पण त्या घरातलं सगळं त्याच्यावर झालं. मुलगा प्रकाश त्याच्यावरच शिकला आणि शिकल्याबरोबर त्याला मिठाचा वास येईनासा झाला. तो डोलवीच्या पोलाद कारखान्याला कंत्राटावर माणसं पुरवायचा. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी. लोक त्याला प्रकाशशेठ म्हणायचे आणि त्याला ते खरं वाटायचं.

सहलीच्या दोन वर्षं आधी बाप गेला, तेव्हाची गोष्ट प्रकाशने मला सांगितली नाही. पेणमध्ये असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. दहाव्याला भोगावती नदीच्या घाटावर पिंड ठेवला. झाडावर कावळ्यांची सभा भरलेली, पण एक खाली उतरेना. रीतीप्रमाणे घरच्यांनी एकेक कबूल करायला सुरुवात केली. नातीचं लग्न थाटात करू. घराचं राहिलेलं बांधकाम पुरं करू. आईला अंतर देणार नाही. धाकट्या बहिणीचं माहेर तोडणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढलं. जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की म्हाताऱ्याचा जीव कशात अडकलाय, कारण मिठागर मातीची भरणी करून गोदामाला द्यायचं प्रकाशचं ठरत आलं होतं आणि त्यावरून बापलेकांची बोलचाल बंद होती. ‘मिठागर विकणार नाही’ एवढे तीन शब्द म्हणायचे. प्रकाश खाली मान घालून उभा राहिला. शेवटी भटजींना दुसरीकडे जायचं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि मोकळं केलं. प्रकाशने अर्धं मिठागर त्याच वर्षी देऊन टाकलं. उरलेला अर्धा तुकडा आईच्या नावावर होता. तिच्या सहीवाचून तो जात नव्हता, आणि ती सही करत नव्हती.

म्हणून ही सहल. प्रकाश माझ्या घरी येऊन खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, “मॅनेजर, आयेला जग दाखवायचं हाय. तिकडं मिठाचं वाळवंट हाय ना? मस्त हॉटेलं द्या. आली की सही करील.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “एक हाय. बाबांची तिथ मधेच येतेय. पान ठेवायला लागंल. भात-वडे तुमचे महाराज करतील. कावळा काय, कुठं पन गावंल.”

मी म्हणालो, “होईल.”

यात चूक कुणाची म्हणायची? पेण-रोह्यात जन्मलेल्या माणसाला कावळा नसलेली जागा सुचूच शकत नाही. मी सगळी टूर आखली, कुठल्या गावात डॉक्टर आहे, कुठे इडलीचं पीठ फुगत नाही, सगळं लिहून घेतलं. कावळ्याची चौकशी करावी असं माझ्याच काय, आमच्या मुंबईच्या ऑफिसातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

तिथीच्या आदल्या दिवशी आम्ही बोलिव्हियात जेवायला थांबलो होतो. उंच माळ, गार वारा, लांबड्या मानेची लामा नावाची जनावरं, आणि महाराजांनी केलेली खिचडी. मी मार्कोला सहज म्हटलं, उद्या कावळे असतील अशा ठिकाणी गाडी थांबव. त्याला कळेना. मी मोबाइलवर चित्र दाखवलं. तो हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की हा पक्षी ह्या खंडात कुठेच नाही. उत्तर अमेरिकेत आहे, पण दक्षिणेत कधी आलाच नाही.

मी ते मराठीत सांगितलं. खिचडीचे चमचे थांबले. सुमनताई म्हणाल्या, “म्हणजे इथल्या मेलेल्यांचं काय होतं?” वकीलसाहेबांनी हे मार्कोचं अज्ञान असल्याचा निष्कर्ष काढला. प्रकाशच्या तोंडावर मात्र मी जे बघितलं ते मला आवडलं नाही. सुटल्यासारखा दिसत होता. जिथे कावळाच नाही तिथे कावळा शिवला नाही असं कोण म्हणणार?

हिराबाईनेही ते बघितलं असावं. तिने ताटली खाली ठेवली.

“म्हनून आनलंस व्हय मना हितं?”

“आये गो, मना काय म्हाईत? देवाशपथ.”

“तुना बरंच म्हाईत असतं,” ती म्हणाली आणि उठून बसमध्ये जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मिठाचं वाळवंट. त्याचं वर्णन वाचकांनी कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात वाचावं, मी त्यातली वाक्यं वर्षानुवर्षं घोकून म्हटली आहेत. नजर जाईल तिथवर पांढरं, एवढं खरं. तिथे पोचल्यावर पर्यटक एकच काम करतात. एकाने जवळ उभं राहायचं, दुसऱ्याने लांब, आणि लांबचा जवळच्याच्या तळहातावर उभा आहे असा फोटो काढायचा. शिकलेली, नातवंडं झालेली माणसं तासभर हा खेळ खेळतात. वकीलसाहेब वकिलीणबाईंच्या चपलेखाली चिरडल्यासारखे झोपले होते. प्रकाशही मिठावर पालथा पडून फोटो काढत होता. बापाच्या मिठाला पाय लावायची लाज वाटणारा माणूस परक्या मिठात लोळत होता.

हिराबाई बसच्या सावलीला उभी होती. तिने वाकून चिमूटभर उचललं, जिभेला लावलं आणि थुंकली.

“राखन कोन करतं ह्याची?” तिने मला विचारलं.

“कुणी नाही.”

“बांध नाय, राखन नाय. कुनाचंच नाय म्हना की.” तिचा आवाज कोरडा होता. “आमच्या मानसानं बघितलं असतं ना, तर एक रात झोपला नसता इथं. सगलीकडं बांध घालत सुटला असता.”

दुपारी वाळवंटाच्या कडेला, जिथे थोडं खुरटं गवत सुरू होतं, तिथे पान ठेवलं. महाराजांनी भात, वडे, वरण, भाजी केली होती. केळीचं पान नव्हतं, म्हणून चकचकीत कागदी ताटली. प्रकाश हात जोडून उभा राहिला. ग्रुप मागे अर्धवर्तुळ करून, मोबाइल वर धरून. हिराबाई बाजूला एका दगडावर बसली होती, मुलाकडे तोंड करून.

आणि पक्षी आला. लगेच आला. काळे-पांढरे पंख, नारिंगी तोंड, ससाण्याच्या जातीतला, तिकडे पर्यटकांच्या डब्यांवरच जगणारा. चार पावलं चालत येऊन त्याने वडा फोडला, भातात चोच घातली आणि मान वर-खाली करत सगळं उडवलं. ग्रुपने टाळ्या वाजवल्या. टाळ्या! सुमनताईंनी डोळे पुसले. मार्को काहीतरी सांगायला गेला, तर वकीलसाहेबांनी त्याला हाताने थांबवलं. “कावळा म्हणजे काय? काळा पक्षी. हा काळा आहे का? आहे. पक्षी आहे का? आहे. मग स्थानिक कावळा म्हणून मान्य करायला हरकत काय?” कुणीच हरकत घेतली नाही. खटला निकालात निघाला.

प्रकाशचे डोळे खरोखर भरून आले होते. तो आईपाशी जाऊन उकिडवा बसला. “आये, बघितलंस ना? बाबा जेवला. पोटभर जेवला. आता मनात काय ठेवू नको.”

म्हातारीने त्या पक्ष्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“तो इथला हाय,” ती म्हणाली. “त्याला काय म्हाईत तू काय विकलंस ते? आपल्या गावात शंभर कावलं बसलं व्हतं झाडावर, त्यांना म्हाईत व्हतं. म्हनून नाय उतरलं. जिथं तुना कोन वलखत नाय, तिथं बापाला जेवाला घातलंस. लई शहाना.”

हे काही हळू बोललेलं नव्हतं. मोबाइल खाली आले. मी डोकी मोजायच्या आत सगळे गाडीत जाऊन बसले, आणि माझ्या नोकरीत हे एकदाच घडलं.

तिथून पुढे अँडीजचे घाट. ह्या रस्त्यांवर माणसाला कड्यापेक्षा हवेची भीती जास्त. हवा विरळ असते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, काहींना धाप लागते. आम्ही गाडीत ऑक्सिजनची नळकांडी ठेवायचो आणि आधी दोन दिवस सगळ्यांना सांगायचो, हळू चाला, पाणी प्या, दारू नको. सांगितलेलं ऐकतात ते पर्यटक कसले? पण त्या दिवशी दारू प्यायलेले सगळे ठणठणीत राहिले आणि हिराबाई पडली. आदल्या दुपारपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता, हे मला नंतर कळलं. खिंडीच्या माथ्यावर तिचे ओठ निळे दिसायला लागले. मी मास्क लावला, ड्रायव्हरला सांगितलं, थांबू नको, उतरायला लाग. अशा वेळी एकच औषध, ते म्हणजे खाली उतरणं. ते लागू पडेपर्यंत हातात हात धरून बसायचं, बस्स.

प्रकाश तिच्यासमोर गाडीच्या जमिनीवरच बसला होता. शर्टावर तिची उलटी. रोज त्या गोदामवाल्या पार्टीला फोन करून ‘आये तयार हाय’ सांगणारा माणूस. खिशातला फोन वाजत होता आणि त्याचा हात तिकडे जात नव्हता. म्हातारीने मास्क बाजूला केला.

“हितं मेले ना, तर बरं,” ती धापा टाकत म्हणाली. “घाटावर उभं ऱ्हायाला नको तुना. हितं कावला नाय. कोन अडवनार नाय. सही पन नाय लागनार.”

“आये, गप गो. गप. मास्क लाव.”

“सुटशील.”

प्रकाश लहान पोरासारखा रडला. मी ह्या माणसाला आत्तापर्यंत मनातल्या मनात शिव्याच घातल्या होत्या आणि अजूनही त्यातली एक परत घेत नाही, पण ते रडणं खरं होतं. वकीलसाहेबांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. त्या एका वेळेला त्यांना वडखळ नाका आठवला नाही.

खाली उतरल्यावर ती सुधारली. एका छोट्या गावातल्या डॉक्टरने तपासलं, दोन दिवस आराम सांगितला. आम्ही टूर थांबवली, कंपनीने मला फोनवर झापलं, मी ‘होईल, होईल’ म्हणत राहिलो. त्या दोन दिवसांत प्रकाश आईला भाताची पेज भरवत होता आणि ती त्याच्या हातून खात होती, पण त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हती. मला मात्र सगळं विचारायची. इथे भात पिकतो का, बायका शेतावर जातात का, ह्या डोंगरातल्या लोकांना एवढ्या उंचावर राहायची काय हौस.

नंतर अर्जेंटिनातून सपाट रस्ता. उसाची शेतं, लाल माती, दिवसचे दिवस बस. आणि शेवटी इग्वासूचे धबधबे. माझं ह्या धबधब्यांविषयी मत चांगलं नाही. एवढं पाणी एका ठिकाणी ओतायची गरज नव्हती. पर्यटकांना पातळ प्लास्टिकचे झगे देतात, ते घालून सगळे एका लोखंडी पुलावरून कड्याच्या टोकाशी जातात, भिजतात आणि ओरडतात. का ओरडतात ते त्यांना विचारा. वकीलसाहेब ओरडत होते. सुमनताई ‘गणपती बाप्पा मोरया’ ओरडत होत्या.

धबधब्यापाशी हळू बोलता येत नाही. जे बोलायचं ते ओरडूनच बोलावं लागतं, आणि दहाव्याला घाटावर तोंड न उघडलेल्या माणसासाठी ती काही सोपी जागा नव्हती. हिराबाई कठड्याला धरून उभी होती, निळ्या झग्यात, पदर डोक्यावर घट्ट. मी तिच्या एका बाजूला, तोल जाईल म्हणून. प्रकाश दुसऱ्या बाजूला. मग तिच्या कानाशी वाकून तो ओरडला, “आये! मिठागर नाय विकत!”

“काय?” ती ओरडली.

“मिठागर! नाय विकत!”

“नाय ऐकू आलं!”

तिला ऐकू आलं होतं, मी शपथेवर सांगतो, कारण मला आलं होतं. पण तिने कपाळाला आठी घालून हात कानामागे धरला होता. प्रकाशने इकडेतिकडे बघितलं. ग्रुप वळून बघायला लागला होता. तोंडावरून पाणी ओघळतंय, साखळी झग्याबाहेर आलेली, अशा अवतारात त्या प्रकाशशेठने दोन्ही हातांचा भोंगा केला आणि पेणच्या बाजारात ऐकू जाईल असा ओरडला, “मी मिठागर विकनार नाय! कवाच नाय!”

प्रकाश धापा टाकत आईच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “पन हितं कावला नाय गो आये. बाबाला कसं कलनार?”

हिराबाईने त्याच्या गालावर एक चापट ठेवून दिली. फार जोरात नाही.

“दोन वर्सं कावल्याकडं कोन बघत व्हतं रं, मुडद्या?” ती म्हणाली. “मी तुझ्या तोंडाकडं बघत व्हते.”